नवा 'सस्पिरिया' बघावा का? तुम्ही विचारलंत म्हणून

"'सस्पिरिया'वर तुमचा एवढा जीव, मग तो नवा बघितलात का? बघवला का?" म्युनिकला राहायला आल्यापासून हे मला किती जणांनी विचारलं असेल, गणती नाही. पुण्यातली कॉलेजची मित्रमंडळी फोनवर विचारतात. इथे गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एका तरुण मुलाने विचारलं, आणि आम्ही दोघं रांग सोडून बाजूला जाऊन तासभर बोलत बसलो. तेव्हा जे बोलले ते आज नीट लिहून काढते.

बघितला. तीनदा बघितला. पण सुरुवात जुन्यापासूनच करावी लागेल.

इटालियन दिग्दर्शक दारियो अर्जेंतो यांचा 'सस्पिरिया' हा भयपट 1977चा. गोष्ट इवलीशी: सुझी बॅनियन ही अमेरिकन मुलगी जर्मनीतल्या फ्रायबुर्गला बॅले शिकायला येते आणि ती नृत्यशाळा चेटकिणींची निघते. त्यांना काय हवंय, त्या असं का करतात, याचा फारसा पत्ता लागत नाही. मी तो पहिल्यांदा होस्टेलच्या खोलीत, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर, दिवे बंद करून बघितला. त्या रात्री मी लाल रंगाला घाबरले.

तो लाल कुठून आला हे पुढे कळलं. छायालेखक लुचानो तोवोली दिव्यांपुढे रंगीत कापड ताणून बसवायचे आणि ते दिवे नटांच्या अगदी तोंडाजवळ आणायचे. प्रती काढल्या टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने, जी तोवर जवळजवळ बंद पडत आली होती. कॅलेंडर छापताना जसा एकेक रंग वेगळ्या ठशाने कागदावर चढवतात, तसे तीन रंग एकामागून एक फिल्मवर चढायचे. म्हणून तो लाल असा अंगावर येतो. त्यात गॉब्लिन या बँडचं संगीत: ग्रीक बुझुकी, सिंथेसायझर, कानाशी केल्यासारखी कुजबुज, आणि हो, आपला तबला. तो पहिल्यांदा ओळखू आला तेव्हा मी उठून बसले होते.

आणखी एक गोष्ट कळली आणि या चित्रपटावरचं माझं प्रेम दुप्पट झालं. अर्जेंतोंना शाळेत बारा वर्षांच्या आतल्या मुली हव्या होत्या. निर्मात्यांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनीच, नको म्हटलं. मग मोठ्या वयाच्या नट्या आल्या, पण संवाद तसेच पोरवयाचे राहिले आणि दारांच्या मुठी मुद्दाम उंच बसवल्या. सुझी दार उघडायला जाते तेव्हा मूठ पार तिच्या चेहऱ्याशी असते. काय बिनसलंय ते बघताना कळत नाही, पण तिच्याबरोबर आपणही लहान होतो. लहानपणी आजोळी रात्रीचं माजघर ओलांडून पाणी प्यायला जाताना छातीत जे व्हायचं, तेच होतं. त्याला कारण लागत नाही.

दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनो यांनी 2018 साली नवा केला तेव्हा ही भीती त्यांनी सरळ सोडून दिली. रंगही काढून टाकले. आता शाळा बर्लिनमध्ये, दारासमोरच भिंत, वर सतत पाऊस, सगळं करडं आणि मातकट. काळ 1977चाच, म्हणजे जुना चित्रपट आला ते वर्ष; फक्त जुन्यात त्या वर्षाचा मागमूस नव्हता आणि इथे रेडिओ, टीव्हीवर लुफ्तान्साच्या विमानाचं अपहरण आणि रेड आर्मी फॅक्शन या जर्मनीतल्या डाव्या अतिरेकी गटाच्या बातम्या चालू. पहिला अर्धा तास मी थिएटरमध्ये रागावून बसले होते. माझा लाल कुठे गेला?

मग शाळेतल्याच ऑल्गा या नर्तिकेचा प्रसंग आला. एका दालनात सुझी नाचतेय, खाली आरशांच्या खोलीत ऑल्गा कोंडलेली. इकडे सुझीने हात फेकला की तिकडे ऑल्गाचं अंग पिरगाळलं जातं. सुझी वळली की ती भिंतीवर आदळते. नाच संपतो तेव्हा ऑल्गाची गाठोड्यासारखी गुंडाळी झालेली असते. जुन्या चित्रपटात नृत्यशाळा असूनही नाच जवळजवळ नाहीच. इथे नाच हेच चेटूक आहे, आणि डेमियन जाले यांनी तो बसवलाय असा की प्रत्येक श्वास ऐकू येतो. मी आठ वर्षं कथक शिकले. बाई पायांकडे बघत असताना तत्कार करताना एका क्षणी पाय आपले राहत नाहीत, त्यांच्या डोळ्यांचे होतात. तो प्रसंग बघताना माझ्या घोट्यांना ते आठवलं. राग तिथेच गेला.

तरी हा चित्रपट मला खऱ्या अर्थाने कळला तो एका चौकात. जुन्या चित्रपटातला आंधळा पियानोवादक डॅनियल रात्री आपल्या कुत्र्याला घेऊन एक प्रचंड रिकामा चौक ओलांडतो. तीन बाजूंना ग्रीक देवळांसारख्या इमारती. कुत्रा भुंकायला लागतो, वरून काहीतरी झेपावल्याचा भास होतो, आणि मग त्याचाच कुत्रा त्याच्या नरडीचा घोट घेतो. तो चौक म्हणजे म्युनिकचा क्योनिग्सप्लात्स. माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटं. (सुझी सुरुवातीला पावसात ज्या विमानतळातून बाहेर येते तोही म्युनिकचाच, रीमचा, 1992 साली बंद झाला.)

10 मे 1933च्या रात्री याच चौकात पुस्तकं जाळली गेली. पुढे नाझींनी इथली हिरवळ काढून संचलनांसाठी सगळा चौक दगडी फरशांनी मढवला. पक्षाच्या कचेऱ्या अगदी लागून. त्या फरशा उचलल्या गेल्या थेट 1980च्या दशकाच्या अखेरीला. म्हणजे 1976मध्ये चित्रण झालं तेव्हा त्या तिथेच होत्या. डॅनियल चालतो तो त्यांच्यावरून. अर्जेंतो त्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत. मी मात्र हे समजल्यावर तो प्रसंग पुन्हा लावला, आणि रिकाम्या चौकात कुणीतरी आहे असं इतकी वर्षं का वाटत होतं ते मला उमगलं.

नवा चित्रपट ती फरशी उचलून बघतो. त्यासाठी त्यात डॉक्टर क्लेम्पेरर हा म्हातारा आणलाय, युद्धात बायको हरवलेला, अजून तिची वाट बघणारा. (ही भूमिकाही टिल्डा स्विंटननेच केलीय, शाळेतल्या मुख्य नृत्यशिक्षिका मॅडम ब्लांक यांच्या भूमिकेबरोबर.) आता इथे गोष्ट थोडी फुटेल, ज्यांना नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. एके दिवशी बायको परत येते. अँके तिचं नाव, आणि ती साकारलीय जेसिका हार्पर यांनी. 1977ची सुझी! एक्केचाळीस वर्षांनी तोच चेहरा, तेच मोठे डोळे, सुरकुत्यांत बसलेले. दोघं हातात हात घालून बर्फातून चालत निघतात, बोलत बोलत. शाळेच्या दारापर्यंत येतात आणि ती नसते. चेटकिणींनी उभा केलेला भास. खरी अँके नाझींच्या छावणीत केव्हाच मरण पावली होती. मी त्या थिएटरमध्ये हुंदके देऊन रडले. होस्टेलच्या पडद्यावर पावसात भिजलेली जी मुलगी मी पाहिली होती, ती पुन्हा भेटली, चार पावलं सोबत चालली आणि गेली. जुन्यावर इतकं प्रेम करणाऱ्या माणसानेच हा प्रसंग सुचवला असणार.

दोष आहेत. जुना दीड तासाच्या थोडा पुढे जातो, नवा अडीच तास चालतो आणि ते जाणवतं. त्या बातम्यांनी जे सांगायचं ते पहिल्या तासात सांगून होतं, तरी त्या थांबत नाहीत. शेवटचा रक्तपात मला अजिबात पटला नाही. तिथे लाल परत येतो, पण इतका ओतलाय की नजर बधिर होते. अर्जेंतोंना हा चित्रपट रुचला नाही आणि त्यांनी ते उघड सांगितलं. भीतीच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. नव्याने मला एकदाही घाबरवलं नाही. पण त्याने मला जुना पुन्हा बघायला लावला, त्या चौकात नेऊन उभं केलं, आणि हे दुसऱ्या कुठल्याच रिमेकने माझ्या बाबतीत केलेलं नाही.

तर बघा, पण जुना आधी. मोबाइलवर नको, आणि दोन्ही एका दिवशी तर नकोच. मध्ये आठवडाभर जाऊ द्या, तो लाल डोळ्यांतून उतरला पाहिजे. म्युनिकला येणार असाल तर कळवा. संध्याकाळी आधी क्योनिग्सप्लात्सला जाऊ. आता तिथे पुन्हा हिरवळ आहे, उन्हाळ्यात पायऱ्यांवर पोरं गप्पा मारत बसलेली असतात. मग घरी येऊन जुना लावू, आवाज मोठा ठेवून. शेजारच्या आजींना मी आधी सांगून ठेवेन.