'धा'चा 'ता' होतोय

गाडीत साउंड सिस्टिम बसवून देऊन तीनच दिवस झाले होते आणि मास्तर परत दुकानाच्या दारात उभे. मिरजेला तबल्याचे वर्ग घेतात. म्हणाले, "आवाज कमी असला की सगळं झकास. वाढवला की डग्गा बसतो. 'धा' वाजवलेला 'ता' ऐकू येतोय. जरा बघा की."

वूफर कमी वाजतो, डिकी खडखडते, इंजिन चालू केलं की शिट्टी येते, या तक्रारी रोजच्या. बोल बदलतो ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली. 'धा'त तबल्याबरोबर खर्जाचा डग्गाही वाजतो, 'ता'त नाही. डग्गा दबला की 'धा'चा 'ता' होतो.

काम माझ्या मते चोख होतं. रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं स्टिरिओला जोडलेली, म्हणून तो कंपनीचाच ठेवला. त्याला मागे आरसीए, म्हणजे अँप्लिफायरला सिग्नल द्यायची जागा, नव्हती. वॉरंटीमुळे वायर कापायची नव्हती, म्हणून मधे कपलर लावून स्पीकरच्याच वायरींवरून पाच चॅनलच्या अँपला सिग्नल दिला. चार चॅनल दारांना, पाचवा डिकीतल्या १० इंची सबवूफरला, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरला. इथे नवीन पोरं हमखास चुकतात. स्पीकरची मायनस वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडतात. या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण ६ व्होल्ट असतात. एक अर्थ केली की आतली आयसी, म्हणजे चिप, जाऊ शकते. आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. त्याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. जाड वायर पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर गाडी पेटते.

आधी सबवूफर काढून दीड व्होल्टचा सेल लावला. कोन बाहेर आला, म्हणजे प्लस-मायनस बरोबर. अर्थचा बोल्ट खोलला. त्याखालचा रंग मी खरवडलेलाच होता. अँपही गरम नव्हता. तास गेला.

मग मास्तरांना पुढच्या सीटवर बसवलं आणि त्यांच्याच पेनड्राइव्हवरचं एकल तबलावादन लावलं. आवाज एकेक घर वाढवत गेलो. ते डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते. १५ वर हात थांबला. "इथून," म्हणाले. मला काहीच फरक कळला नव्हता.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर टाकून स्टिरिओच्या स्पीकर वायरीला लावला. ५० हर्ट्झचा खर्जाचा आणि १००० हर्ट्झचा वरचा असे दोन सूर आळीपाळीने वाजवले. १४ पर्यंत दोन्हींचे व्होल्ट बरोबरीने चढत होते. १५ पासून १००० हर्ट्झ चढतच राहिला, ५० हर्ट्झ जागेवर थांबला. २० वर १००० हर्ट्झ ४ व्होल्ट, ५० हर्ट्झ जेमतेम दीड. मास्तरांनी कानाने सांगितलेलं घर मीटरने जसंच्या तसं दाखवलं. अंगावर काटा आला.

कंपनी हे मुद्दाम करते. दारातले स्पीकर हलके, कोन लहान. मोठ्या आवाजात खर्ज पूर्ण सोडला तर ते फाटायला लागतात, म्हणून आवाज वाढेल तसा स्टिरिओ आतल्या आतच खर्ज दाबतो. अँपला सिग्नल मिळतो तो हाच दाबलेला. डग्ग्याचा घुमारा सिग्नलमध्येच उरला नाही, तर सबवूफर कितीही मोठा असो, वाजवणार काय? अँपचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, वाढवून भागलं नसतं. हळू आवाजात नुसता गदारोळ झाला असता.

अँपच्या आधी एक डीएसपी, म्हणजे आवाजाचा सिग्नल हवा तसा वाटून-बदलून देणारा डबा, बसवला. स्टिरिओ कायमचा १४ वर ठेवायचा आणि आवाज कमी-जास्त करायचा तो डीएसपीच्या नॉबने. नॉब गिअरजवळ, हाताशी. ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे वळवलं, दारांना त्यावरचंच ठेवलं. म्हणजे स्पीकरही सुरक्षित. आधीच मीटर लावून बघायला हवं होतं, ही चूक माझी. म्हणून मजुरी घेतली नाही, फक्त डीएसपीचे पैसे घेतले.

संध्याकाळी तेच वादन पुन्हा लावलं. मास्तरांनी नॉब हळूहळू फिरवला, माझ्या छातीत डग्गा घुमेपर्यंत. मांडीवरचा हात या वेळी थांबला नाही. तिहाई संपली तेव्हा म्हणाले, "आता 'धा' आहे."

जाताना पेनड्राइव्ह काढायला लागले, तेव्हा मी ते वादन मागून घेतलं. आता कुठलीही गाडी देण्याआधी ते दोन सूर मीटरवर बघतो, आणि मग हा तबला लावून आवाज एकेक घर चढवत जातो.