शोषक शीटचे ९९ टक्के आणि जप्त केलेला फोन

चुंबकीय शोषक शीट म्हणजे रेडिओ लहरी शोषणारं, लोहकण मिसळलेलं रबर. तिच्या माहितीपत्रकावर ‘उणे २० डेसिबल, ९९ टक्के शोषण’ असं छापलेलं असतं. ते वाचून जप्त मोबाइल त्यात गुंडाळू नका. तो आकडा शीटमागे धातू लावून मोजतात. लहर परत किती आली एवढंच त्यातून कळतं, आरपार किती गेली ते नाही. शिवाय ९९ टक्के इथे फारच तोकडे आहेत. टॉवरजवळ फोनला साधारण उणे ६० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; दर १० ने खाली गेलं की ताकद दहापट कमी) सिग्नल मिळतो आणि उणे १२०च्या आसपासही तो नेटवर्क धरून ठेवू शकतो. म्हणजे दहा लाखांत एक भागच आत जाईल, इतका अडसर हवा. नाहीतर डेटा पुसण्याचा हुकूम दुरूनही पोचतो आणि पुरावा जातो. हा अडसर धातूची पेटीच देते.

मग शोषक कशाला? पेटीच्या आतून लावायला. ३० × २० × २० सेंटिमीटरची पेटी घ्या. तिचा सर्वांत खालचा अनुनाद (जिथे आतल्या लहरी एकमेकींना बळ देतात ती वारंवारता) सुमारे ९०० मेगाहर्ट्झला येतो, म्हणजे नेमका मोबाइलच्या बँडमध्ये! तिथे आतलं क्षेत्र फुगतं आणि झाकणाच्या फटीतून गळती वाढते. धातूच्या भिंतीलगत तिला समांतर विद्युतक्षेत्र जवळजवळ शून्य, चुंबकीय क्षेत्र मात्र सर्वाधिक. म्हणून तिथे कार्बनचा पातळ फोम निरुपयोगी ठरतो आणि लोहकणांचं रबर कामाला येतं.

शीट घरच्या प्रयोगशाळेत ओतता येते: १०० ग्रॅम सिलिकॉनला ४०० ग्रॅम कार्बोनिल आयर्न (लोखंडाची अतिबारीक पूड), कण काही मायक्रॉनचे. पूड थोडी थोडी घाला, मास्क लावा, ठिणगी दूर ठेवा. मिश्रणातली हवा व्हॅक्यूमने काढून मग २ मिलिमीटरच्या साच्यात ओता. १० × १० सेंटिमीटरचा तुकडा ७० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. बराच हलका भरला तर आत बुडबुडे राहिलेत. सिलिकॉन पातळ असेल तर लोखंड तळाशी बसतं, हे कापलेल्या कडेवर दिसतं. पूड याहून बरीच वाढवली की कण एकमेकांना टेकतात, आणि शीट शोषण्याऐवजी लहर परतवू लागते. दमट हवेत उघड्या कडांना गंज चढतो, तेव्हा कडांवर सिलिकॉनचा हात फिरवा.

पेटीत गेलेला फोन सतत नेटवर्क शोधत राहतो, बॅटरी भराभर उतरते. पॉवर बँक आतच ठेवा. बाहेरून फिल्टरशिवाय ओढलेली चार्जिंग केबल अँटेनासारखी सिग्नल आत आणते आणि सगळी मेहनत वाया जाते.