दहा, मग सहा, मग अजून दोन

मी एव्हर्टनवाला, म्हणजे इंग्लंडच्या त्या फुटबॉल क्लबचा चाहता. हे सांगितलं की ऑफिसातली पोरं आधी हसतात, मग चहा पाजतात.

नोव्हेंबर 2023 मध्ये प्रीमियर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगच्या, आयोगाने जास्त तोट्यापायी आमचे 10 गुण कापले. तेव्हाच्या नियमाने क्लबला तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा. आमचा त्याच्याही वर 1.95 कोटी गेला होता. चूक होतीच, नाकारत नाही. पण फेब्रुवारीत अपिलात 10 चे 6 झाले आणि एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबापोटी आणखी 2 गेले. गुणतक्ता आहे की वाण्याची उधारीची वही?

नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा दुसरा क्लब. तीनपैकी दोन वर्षं खालच्या लीगमध्ये, म्हणून त्यांची मर्यादा 6.1 कोटी, ती त्यांनी 3.45 कोटींनी ओलांडली. गेले फक्त 4 गुण, कारण लवकर कबुली दिली, सहकार्य केलं. त्यांचं म्हणणं, आपला खेळाडू ब्रेनन जॉन्सनला 30 जूनआधी, म्हणजे हिशेब बंद व्हायच्या आत, घाईत विकण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये जास्त पैसे मिळाले, मग बिघडलं कुठे? इथे मात्र माझ्यातला अकाउंटंट जागा होतो. 31 मार्च उलटल्यावर पावत्या घेऊन येणारे अशील मी रोज पाहतो. तारीख म्हणजे तारीख, बाबा.

मला खुपतं ते वेगळंच. मँचेस्टर सिटी या बड्या क्लबवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून जास्त आरोप फेब्रुवारी 2023 मध्येच लागले होते. आमची शिक्षा, अपील, दुसरी शिक्षा सगळं उरकलं, हंगाम संपला, सिटीने करंडकही उचलला, तरी त्यांची सुनावणी सुरूसुद्धा झाली नव्हती. आरोप सिद्ध नाहीत, मान्य. पण मोठ्या वकिलांची फौज नसलेल्याची फाईलच आधी हलते, हे काय मला नवीन आहे?

आम्ही 15 वे आलो. 8 गुण कापूनही.