रेवड्यांवरची मॅच

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इकडे अमेरिकेत ऑफिसं अर्धी झोपलेली असतात, बाहेर रिपरिप चालू, आणि टीव्ही दुपारी कधीही लावा, कुठला ना कुठला बोल गेम, म्हणजे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधली सीझन संपल्यावरची मॅच, लागलेलाच असतो. परवाही लागला होता. दोन युनिव्हर्सिट्या, एकीचं राज्य कुठलं हे मलाही आठवेना, स्टेडियममधे अर्ध्याच्या वर खुर्च्या रिकाम्या, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर रेनकोट घातलेली बँडमधली पोरं जीव तोडून ट्रंपेट वाजवतायत. बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. संत्रं सोलता सोलता म्हणाले, "ह्यात जिंकलं की काय मिळतं गं?"

"कप मिळतो."

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही, सीझन संपला."

"म्हणजे फ्रेंडली मॅच."

तेवढ्यात एका पोराला तिघांनी मिळून असा काही आडवा केला की बाबांनी फ्रेंडली हा शब्द परत काढला नाही.

तर कॉलेज फुटबॉलचा हा सगळा कारभारच असा आहे. बारा मॅचेसचा सीझन, त्यातल्या सहा जिंकल्या की बोल गेम खेळायला पात्र, म्हणजे अर्ध्या हरलात तरी डिसेंबरात तुम्हाला कुणीतरी बोलावणार. असे चाळीसच्या वर बोल आहेत. नावं बघायची, सगळी स्पॉन्सरांची, मेयोनीजचा बोल, बटाट्याचा बोल, गवत कापायच्या मशीनचा बोल. मेयोनीजवाल्यात जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बादलीभर मेयोनीज ओततात आणि तो बिचारा हसत उभा राहतो, बटाट्याच्या बोलमधे फ्रेंच फ्राइज ओततात आणि तिथलं मैदान निळं आहे, हिरवं नाही, निळं, आयडाहोतल्या बॉयझीमधे १९८६ पासून तसंच आहे, टीव्ही बिघडलाय असं समजू नये.

२०२३ साली तर सहा जिंकलेल्या टीमच कमी पडल्या. मग काय केलं, पाच जिंकलेल्यांमधे कुणाची पोरं अभ्यासात धड आहेत, पास होतात, कॉलेज सोडून जात नाहीत, त्याचा एक स्कोअर असतो, तो काढला. मिनेसोटा त्यात वर निघाली, सात मॅच हरलेली टीम, ती गेली डेट्रॉइटला गाड्यांचं ऑइल बदलणाऱ्यांच्या नावाच्या बोलला, आणि जिंकलीसुद्धा ३०-२४. हे सांगितल्यावर बाबा पहिल्यांदा सोफ्यावर नीट बसले. त्यांच्या आयुष्यात खेळामुळे मार्क गेलेली पोरं भरपूर, मार्कांमुळे खेळायला मिळालेली ही पहिलीच.

पण माझी सगळ्यात लाडकी मॅच त्याच वर्षीची, ऑर्लँडोतला पॉप-टार्ट्स बोल. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेजवळ राहते, त्यामुळे नॉर्थ कॅरोलायना स्टेट आपली, समोर कॅन्सस स्टेट. आपली हरली, २८-१९, पण ते महत्त्वाचं नाही. पॉप-टार्ट म्हणजे आत जॅम, वर साखरेचं आयसिंग, टोस्टरमधे गरम करून खायचं ते. तर त्याचा एक माणसाएवढा स्ट्रॉबेरी मॅस्कॉट मॅचभर कडेनं नाचत होता, लोकांशी शेकहँड करत होता, आणि मॅच संपल्यावर तो हात हलवत हलवत एका भल्यामोठ्या टोस्टरमधे उतरला. खालून बाहेर आलं ते त्याच्याच तोंडाचं, भाजलेलं, खरंखुरं खायचं पॉप-टार्ट. आणि कॅन्सस स्टेटच्या त्या धिप्पाड पोरांनी हातांनी तोडून ते खाल्लं, घामेजलेले, कपाळाला माती. आख्खी अमेरिका हसत होती आणि माझ्या डोक्यात एकदम हलगी वाजायला लागली.

आमच्या गावच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. मोठ्या जोडी लागायच्या संध्याकाळी, फेटेवाली मंडळी तेव्हा यायची, पण मैदान सुरू व्हायचं दुपारी, रणरणत्या उन्हात, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सहा-सात वर्षांची पोरं, कमरेला लंगोट, कुणाचा तर तोही थोरल्या भावाचा, दोनदा गुंडाळलेला. पंच येईल त्या पोराला येईल त्या पोराशी लावायचे. जिंकला त्याला मूठभर रेवड्या आणि हरून रडायला लागला त्यालाही चार, कारण रडणारं पोर मैदानात फार वेळ परवडत नाही. आमचा संतू दरवर्षी उतरायचा. कुस्ती त्याला काही येत नव्हती, तो समोरच्याला मिठी मारायचा आणि सोडायचाच नाही, शेवटी दोघं कंटाळून पडायचे. मी काकूच्या मांडीवर बसून बघायचे, मुलींना आत जाता यायचं नाही, आणि त्या रेवड्या तोंडात टाकताना त्यांना लाल माती लागलेली असायची, थुंकायची नाही, कचकच चावायची. संध्याकाळच्या मोठ्या कुस्त्या कुणी जिंकल्या ते मला एकाही वर्षाचं सांगता येणार नाही.

तेव्हापासूनच असेल, मला फायनल बघवत नाही. वर्ल्डकप असो की गल्लीतलं कॅरम, फायनल आली की मी भांडी घासायला उठते. पोटात गोळा येतो. जिच्यावर काही अवलंबून नाही अशी मॅच लावा, मी चार तास हलणार नाही. नवऱ्याच्या मते हा आजार आहे. असेल.

तसं बघितलं तर ह्या बोल प्रकाराची सुरुवातच फुटकळ. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात नवीन वर्षाला गुलाबांच्या रथांची मिरवणूक निघायची, तिला जोड म्हणून १९०२ मधे एक फुटबॉल मॅच ठेवली, तोच पुढचा रोझ बोल. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं की शेवटची आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डवाले म्हणाले बास, आम्ही चाललो. आयोजकांनी एवढा धसका घेतला की पुढची बरीच वर्षं फुटबॉलच बंद, त्याऐवजी रोमन रथांच्या शर्यती. फुटबॉल परत आला थेट १९१६ ला. बाबांना रथांचा भाग फार आवडला, ते म्हणाले तेच चालू ठेवायला पाहिजे होतं.

आणि बिनमहत्त्वाच्या मॅचचं एक दुखणंही आहे, ते २०२३ मधेच दिसलं. फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा जिंकलेली, पण तिच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचा, पाय नोव्हेंबरात मोडला आणि टीम निवडणाऱ्या कमिटीने तिला प्लेऑफच्या, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या मॅचेसच्या, शेवटच्या चारांत घेतलंच नाही. दिलं काय, तर ऑरेंज बोल, जॉर्जियाशी. वीसहून जास्त पोरं खेळलीच नाहीत, कुणी जखमी, कुणी दुसऱ्या कॉलेजात निघालेलं, कुणी एनएफएलच्या, म्हणजे पैसे देऊन खेळवणाऱ्या मोठ्या लीगच्या, तयारीत. ६३-३. मी ती मॅच पूर्ण बघितली आणि मला पहिल्यांदा रेवड्या नकोशा झाल्या. न खेळणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. नोत्र दाम युनिव्हर्सिटीचा जेलन स्मिथ २०१६ च्या फिएस्टा बोलमधे खेळला, गुडघा गेला, आणि एनएफएलच्या टीम पोरं निवडतात तेव्हा जो पहिल्या पाचांत उचलला जाईल म्हणत होते तो दुसऱ्या फेरीत गेला. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला घर चालवायचं असतं, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की माझ्या सुट्टीतल्या करमणुकीसाठी ये बाबा पळ. पण रिकाम्या स्टेडियममधे पावसात जे खेळत असतात, त्यातल्या बहुतेकांना एनएफएल कधीच बोलावणार नसतं, कॉलेजात खेळणाऱ्या शंभरातले दोनसुद्धा तिथे पोचत नाहीत. त्यांची हेल्मेट घालून खेळायची ती शेवटची मॅच, मेयोनीजच्या नावाची का असेना.

आता तर प्लेऑफ बारा टीमचा झालाय, रोझ बोलसुद्धा त्यात ओढला, २०२५ च्या एक जानेवारीला ओहायो स्टेट आणि ओरेगनची मॅच क्वार्टर फायनल म्हणून झाली, ४१-२१, आणि हरलेला घरी. लोक म्हणतात आता कुठे त्या मॅचला अर्थ आला. येऊ दे. अर्थ आला म्हणजे मी भांडी घासायला मोकळी, बाबांना म्हणलंय स्कोअर आतून ओरडून सांगू नका.