लायसन्स मिळालं, मग अजून काय राहिलं?

“तिला लायसन्स मिळालं म्हणालात ना? मग अजून कसलं ट्रेनिंग चाललंय?” विद्यार्थ्यांचे आईवडील हे विचारतात, नवे विद्यार्थी विचारतात, आणि मी विमान उडवायला शिकवते हे कळलं की प्रवासात शेजारी बसलेली माणसंही विचारतात. एका वाक्यात हे उत्तर मावत नाही, म्हणून मी बहुतेकदा हसून वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंतच, तर आज जरा ऐसपैस सांगते.

आधी एक गुंता सोडवू. परवाना वेगळा आणि रेटिंग वेगळं. तुम्ही कोणत्या नात्याने विमान उडवताय ते परवाना सांगतो: हौस म्हणून, पैसे घेऊन, की मोठ्या प्रवासी विमानाचा कॅप्टन म्हणून. कशावर आणि कुठल्या परिस्थितीत उडवू शकता, ते रेटिंग सांगतं: दोन इंजिनं, रात्र, ढग, अमुक एका जातीचं जेट. त्यामुळे हौशी परवाना असलेला एखादा माणूस कायदेशीरपणे ढगात शिरू शकतो, आणि कमर्शियल परवाना खिशात असलेल्या दुसऱ्याला ढग टाळूनच जावं लागतं. हे सांगितलं की समोरचा हमखास गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात छोट्या विमानावरून मोठ्या विमानावर चढत जाणारी पायऱ्यांची रांग असते. माझ्या मते विमानाचा आकार ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. खरी अडचण अशी की प्रत्येक टप्प्यावर, तुम्ही ज्याच्या भरवशावर होतात असं काहीतरी काढून घेतलं जातं.

पहिल्यांदा काढून घेतात ते इन्स्ट्रक्टरला. सोलोच्या, म्हणजे विद्यार्थ्याने पहिल्यांदा एकट्याने उडवायच्या दिवशी मी उतरते, दार नीट लावते आणि बाजूला होते. विद्यार्थी एकटेपणाची धास्ती घेऊन बसलेला असतो, पण त्याला चकवतं ते विमानाचं वजन. माझं ओझं गेल्यामुळे ते आधीच जमीन सोडतं, भराभर वर चढतं, आणि ज्या उंचीवर सरळ करायचं ती विचार संपायच्या आत येऊन ठेपते. हे मी आधी सांगून ठेवते, तरी खाली आल्यावर जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच असतं: “मॅडम, ते एकदम वरच गेलं!”

प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएलसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत किमान ४० तास उड्डाण सांगितलंय, मान्यताप्राप्त संस्थेत शिकलात तर ३५. वय किमान १७. हे किमान आकडे आहेत आणि बहुतेकांना त्याहून बरेच जास्त तास लागतात, यात लाजण्यासारखं काही नाही. या परवान्यावर मित्रांना फिरवून आणता येतं, मोबदला घेता येत नाही. आणि या सगळ्या तासांत विद्यार्थी उडवतो ते डोळ्यांनी. काचेतून क्षितिज कुठे दिसतंय त्यावरून नाक वर आहे की खाली हे ओळखायचं. नदी, रस्ता, रेल्वेरूळ बघत वाट काढायची.

मग येतं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवण्याची पात्रता, आणि ते क्षितिजच काढून घेतं. मला विचाराल तर सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड टप्पा हाच, कमर्शियलपेक्षाही अवघड.

विद्यार्थ्याच्या डोक्यावर आम्ही हूड चढवतो. टोपीच्या लांबलचक झापडीसारखी ही वस्तू; त्यातून समोरचं पॅनेल दिसतं, बाहेरचं काही दिसत नाही. मग मी त्याला मान खाली घालून डोळे मिटायला सांगते आणि विमान अगदी हळू डावीकडे वळवत राहते. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातला द्रव हलला की मेंदूला वळण कळतं. पण एकाच गतीने वळत राहिलं तर वीसेक सेकंदांत तो द्रव नळ्यांच्याच वेगाने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासं होतं. आता मी विमान सरळ करते. “कुठे वळतोय?” म्हणून विचारलं की विद्यार्थी ठामपणे म्हणतो, “उजवीकडे.” डोळे उघडून पाहतो तर पॅनेलवरचं छोटंसं विमान क्षितिजरेषेला समांतर बसलेलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो अविश्वास दिसतो, तो उपकरणावरचा असतो. स्वतःच्या कानावर कोणी संशय घेत नाही.

या भ्रमाची जुनी परीक्षाही झालेली आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडवण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणार नाही अशा स्थितीत विमान हाताळायला दिलं. एकालाही ताबा टिकवता आला नाही. १९ जणांचं विमान आवर्तात, म्हणजे वळत वळत खाली जाणाऱ्या फेऱ्यात सापडलं. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. असं होतं कसं, तर वळण जाणवत नाही, उंची मात्र कमी होताना दिसते. म्हणून माणूस कंट्रोल मागे ओढतो, आणि कललेल्या विमानात तसं ओढलं की फेरा आणखी आवळतो. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी धाकटे यांचं विमान तिथल्याच मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं, ते याच तऱ्हेने. धूसर हवा, खाली काळं पाणी, दिवे नाहीत. त्यांच्याकडे प्रायव्हेट परवाना होता, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. चौकशीत कारण नोंदलं गेलं ते दिशाभ्रमाचं.

म्हणून या रेटिंगमध्ये आम्ही छळतो. जुन्या विमानात क्षितिज दाखवणारं आणि दिशा दाखवणारं अशी दोन्ही उपकरणं व्हॅक्यूम पंपावर चालतात. पंप गेला की दोन्ही एकदम जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत, हळूहळू कलंडतात. मी त्यांच्यावर रबरी झाकणं चिकटवते आणि उरलेल्यांवर, म्हणजे वेग, उंची, वळणाचा काटा आणि डुलणारं होकायंत्र यांच्यावर, विद्यार्थ्याला उतरण्याच्या मार्गावर आणायला लावते. कपाळावर घाम येतो. बोलणं तुटक होतं. रेडिओवरून आलेलं साधं वाक्यही दोनदा विचारावं लागतं. हे जमू लागलं की मला त्या माणसाबद्दल खरी खात्री वाटू लागते.

कमर्शियल परवान्याचं लोकांना फार अप्रूप, कारण तिथे पगार सुरू होतो. आंतरराष्ट्रीय किमान २०० तास, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १५०. अमेरिकेत सर्वसाधारणपणे २५०. यात नवं फार थोडं असतं. जुनंच अधिक काटेकोरपणे करायचं असतं. अमेरिकी परीक्षेतला एक प्रकार मला आवडतो: धावपट्टीला समांतर उडत असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, पूर्ण मागे घ्यायचा, तिथून वळून इंजिनाच्या जोराशिवाय उतरायचं, आणि चाकं आधी ठरवलेल्या रेषेच्या अलीकडे टेकता कामा नयेत, पलीकडे २०० फुटांच्या आत टेकली पाहिजेत. मात्र हे तास भरण्यासाठी कित्येक जण छान ऊन पडलेल्या दिवशी त्याच विमानतळाभोवती घिरट्या घालतात. लॉगबुक, म्हणजे तासांची नोंदवही, भरतं, माणूस होता तिथेच राहतो. त्यापेक्षा अनोळखी विमानतळ गाठा, आडव्या वाऱ्यात उतरा, आणि कधी हवा बिघडताना दिसली तर निम्म्यातून परत या. परत येण्याचा तो तास मी सगळ्यात मोलाचा मानते.

मल्टी-इंजिनला थोडेच दिवस लागतात, पण ते दिवस दाट असतात. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तर जोर निम्मा होतो, आणि वर चढण्याची क्षमता मात्र ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त जाते, कारण विमान चढतं ते सरळ उडून उरलेल्या जोरावर. शिवाय नाक बंद इंजिनाकडे ओढलं जातं. ते सरळ ठेवायला एक पाय पेडलवर रेटावा लागतो आणि दुसरा रिकामा राहतो. रिकामा पाय ज्या बाजूचा, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. तरी लगेच बंद करायचं नाही; आधी त्याच इंजिनाचा थ्रॉटल मागे घेऊन बघायचा, काहीच फरक पडला नाही तर पुढचं पाऊल. हे सगळं फार बाळबोध वाटतं. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये तैवानमधल्या तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीचं एटीआर हे दोन इंजिनांचं विमान नदीत कोसळलं, तेव्हा प्रशिक्षित वैमानिकाने घाईत चांगलं चालणारं इंजिनच बंद केलं होतं.

पुढचं थोडक्यात. टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक जातीच्या विमानाची पात्रता. एअरबस ए३२० चं रेटिंग असलं म्हणून बोइंग ७३७ उडवता येत नाही. ते बहुतेक सिम्युलेटरमध्येच, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्येच होतं. एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, हा सर्वांत वरचा परवाना, १५०० तास आणि वय किमान २१. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारण तेवढेच तास लागतात. हा नियम आला तो तिथल्या कोलगन एअर या विमान कंपनीच्या २००९ च्या अपघातानंतर. गंमत म्हणा हवं तर, पण त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते.

आणि हो, एटीपीएल मिळालं की परीक्षा संपल्या, असंही नाही. विमान कंपन्यांतले वैमानिक नोकरीभर ठरावीक महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा देत राहतात, तिथेही कोणीतरी त्यांचं इंजिन बंद पाडतंच.

हे सगळं ऐकून कोणी म्हणालं की “बरं, मग सुरुवात कुठून करू?”, तर माझं उत्तर विमानाजवळ जातच नाही. आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांची सगळ्यात कडक वैद्यकीय तपासणी, करून घ्या. प्रायव्हेटला क्लास टू चालतं, म्हणून लोक तेवढंच करून उड्डाणाला लागतात. मग कमर्शियलच्या दारात येऊन कळतं की डोळ्यांची किंवा हृदयाची एखादी बाब क्लास वनमध्ये बसत नाही. तोवर फी भरलेली असते. ही तपासणी पहिल्या आठवड्यातही करता येते.