नारगोळ कॅम्पिंग, अपडेट 3: पौर्णिमा कॅन्सल, अष्टमी फायनल

तर मंडळी, मागच्या अपडेटमध्ये जागा ठरली होती, दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरचं नारगोळ. बडोद्याहून गाडीने पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, सुरूची झाडी, बीचवर गर्दी कमी, आणि मुख्य म्हणजे खंभातच्या आखाताच्या आतल्या बाजूसारखा नुसता चिखल नाही, चालायला वाळू आहे. यावेळी तारखेचं लफडं सुटलं, ते जरा सविस्तर सांगते कारण तुमच्यापैकी बरेच जण हीच चूक करतील.

आमच्या ग्रुपला पौर्णिमाच हवी होती. चांदणं, समुद्र, गाणी, झालं ठरलं. मी पण हो म्हटलं होतं, मग एक दिवस कालनिर्णय बघता बघता आजोबांचं गणित आठवलं. ते मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरीसाठी बडोद्यात आले आणि दांडियाबाजारात राहिले, पण भरतीची वेळ शेवटपर्यंत बोटांवर काढायचे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची, सगळ्यात मोठी! आपण तंबूत घोरतोय आणि पाणी चपला घेऊन चाललंय. हे गणित कोकण किनाऱ्याचं, नारगोळ मुंबईच्या वर आहे आणि आखाताकडे जाल तशी भरती उशिरा येते म्हणून मी तास-दीड तास ढील ठेवलीय, निघायच्या आधी मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघणारच आहे. पण ढील धरली तरी पौर्णिमेचं पाणी मध्यरात्रीच येणार ना.

मग शुद्ध अष्टमी काढली. आठची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसातला भरती, सूर्यास्ताला पाणी जवळ आणि झोपताना ओहोटी लागलेली. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार वर चढत नाही. पहाटे परत येईल पण तेही तसंच बेताचं. ग्रुपवर टाकलं तर आमची डॉक्टरीणबाई लगेच, "अगं पण चांदण्याचं काय?" अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, म्हणजे अर्धी रात्र चांदणं आणि मग अंधारात तारे, अजून काय पाहिजे? मानली. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, उत्तरायण (म्हणजे इकडची संक्रांत, पतंगांची) पण आटपलेलं असतं तेव्हा.

आता तंबू. गच्चीवर लावून बघितला, खालच्या मजल्यावरच्या बा वाळवण काढायला आल्या आणि म्हणाल्या, "बेटा, घरमां जग्या नथी?" असो. गच्चीवर टेस्टला अर्थ नाही हे कळलं, कारण खरा प्रश्न वाळूचा आहे, तंबूबरोबर आलेले खिळे वाळूत धरतच नाहीत. सोसायटीच्या मागे बांधकाम चालूय तिथल्या वॉचमन काकांना विचारून रेतीच्या ढिगात खिळा ठोकला, एका हिसक्यात बाहेर! मग भाजीच्या जुन्या कापडी पिशवीत रेती भरली, तोंड बांधलं, दोरी पिशवीच्या मधोमध गुंडाळली आणि हातभर खोल पुरून वरून पायाने दाबलं. आमचे सीए महाशय दोन्ही हातांनी ओढत होते तरी हलली नाही. चार कोपऱ्यांना चार, वाऱ्याच्या बाजूला दोन जास्त, अशा सहा पिशव्या लागतील, जाताना रिकाम्याच न्यायच्या म्हणजे वजन काहीच नाही.

वाऱ्याचं पण शाळेतलंच आहे, दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. म्हणून तंबूचं दार नुसतं समुद्राकडे ठेवून चालत नाही, मागची जाळीही उघडी पाहिजे नाहीतर सकाळी आतून सगळं ओलं. आणि तंबू कुठे लावायचा तर किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाच्या आणि कचऱ्याच्या रेघा दिसतात ना, त्यातली सगळ्यात वरची रेघ मागच्या अमावस्येच्या उधाणाची धरायची, तिच्या पण वर. पण सुरूच्या झाडीत शेकोटी अजिबात नको, खाली वाळलेल्या सुयांचा थर असतो, भडकला तर संपलं. शेगडी उघड्या वाळूवरच.

खाण्याचं फार काही नाही, भाजणी, ठेचा, लीलो चिवडा आणि पहिल्या दिवशीसाठी घरून तयार सेवउसळ, ब्रेड तिकडेच घेऊ. पाण्याचे मात्र वीस लिटरचे दोन जार, चौघांना दोन दिवस. यावर सीए महाशयांशी वाद झाला, त्यांच्या मते एक पुरतो, डिकीत जागा नाही म्हणे. त्यांच्या घडीच्या खुर्च्या काढल्या की होते जागा.

राहिलं परवानगीचं. ओळखीतून एका चिकूच्या वाडीवाल्या काकांचा नंबर मिळाला, वाडीच्या कडेला तंबू लावू देतील, संडास-बाथरूमही वापरायला देतील, फक्त म्हणाले उजेड असताना पोचा आणि ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवा. सोमवारी फोन करते. तोपर्यंत कोणाकडे जाड मेणकापडाचं खाली अंथरायचं असेल, साधारण सात बाय सात फुटांचं, तर सांगा, चार दिवसांत परत देईन, वाळू झटकून.