जुनी एअर रायफल घेताना आम्ही काय काय तपासलं

परभणीत राहून १० मीटर एअर रायफलचा मनापासून सराव करायचा, तर रायफल स्वतःची लागते. क्लबच्या एकाच रायफलवर चार पोरं आळीपाळीनं उभी राहतात. एकानं आपल्या मापानं बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, हलवली की दुसऱ्याची पोझिशन गेलीच. लेकीचे गुण त्यापायीच अडकलेत, असं तिला शिकवणारे सर सारखं सांगायचे. स्पर्धेत वापरतात ती नवी मॅच रायफल २ लाखांच्या पुढं, आणि सोयाबीनच्या भावात ते बसत नव्हतं. म्हणून जुनी शोधायला लागलो.

पहिली बघितली ती जालन्याकडं. मालक हौशी आणि बोलायला गोड. रायफल चकाचक, वर दुर्बीण, नळीच्या तोंडाला आट्यांवर फिरवून बसवलेला, आवाज कमी करणारा साउंड मॉडरेटर. "भाऊ, बांधावरच्या माणसाला पण आवाज जात नाही," हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सरांनी मॉडरेटर काढला, उजेडाकडं धरला आणि मला बघायला दिला. आतल्या पडद्यांची भोकं एका रेषेत दिसत होती, पण शेवटच्या भोकाच्या एकाच कडेला शिशाचा करडा ओरखडा होता. छर्रा बाहेर पडताना तिथं घासतो, म्हणजे एकतर आटे तिरके कापलेत किंवा मॉडरेटर नळीच्या सरळ रेषेत बसत नाही. मॉडरेटर लावून मारलेले छर्रे कागदभर पसरले. काढून मारले तर एकमेकांना खेटून बसले.

मग सरांनी वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. वेग आला सेकंदाला २९० मीटर, छर्रा ०.५५ ग्रॅमचा. हिशेब केला तर २३ ज्यूल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर रायफलची ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली किंवा नळीचं भोक ४.५ मिमीपेक्षा मोठं असलं, की परवाना लागतो. मालकाकडं परवाना नव्हता. शिवाय आवाज कमी करणारं असं उपकरण १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच धरलंय, ते मला त्याच दिवशी सरांकडून कळलं. मालक म्हणाला, "मॉडरेटर तसाच घेऊन जा, त्याचे पैसे नका देऊ." आम्ही दोन्ही तिथंच ठेवलं आणि निघालो. पोरीच्या खेळासाठी घ्यायची वस्तू, तिच्यावर असलं काही चिकटलेलं मला नको होतं. मॅच रायफलला मॉडरेटरचं कामही नसतं. तिची ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास, आवाज मुळातच बेताचा.

दुसरी छत्रपती संभाजीनगरात मिळाली. नोकरी लागल्यावर खेळ सुटलेल्या एका पोराची मॅच रायफल. इथं सरांनी आधी दाबलेल्या हवेचा सिलिंडर उलटा करून त्यावर कोरलेला महिना आणि वर्ष वाचलं. या सिलिंडरांचं आयुष्य साधारण १० वर्षांचं धरतात. आत २०० बार दाब असतो आणि रायफल गालाला लावून धरायची असते, म्हणून या तारखेत सूट नाही. दोन सिलिंडरांपैकी एकाची मुदत संपत आली होती. तेवढे पैसे किमतीतून कमी करायला पोरगा लगेच तयार झाला.

सिलिंडर भरून रायफल रात्रभर त्याच्याच घरी ठेवली. सकाळी गेजचा काटा जागचा हलला नव्हता. मग वेग. सलग मारलेल्या छर्‍यांचा वेग १७२ मीटरच्या आगेमागे होता, फरक एखाद-दोन मीटरचा. सरांनी मुद्दाम थांबून, चहा पिऊन पुन्हा एक छर्रा मारला. रेग्युलेटर, म्हणजे दर वेळी सारख्याच दाबाची हवा सोडणारा भाग, हवा झिरपू देत असला तर अशा विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा जास्त वेगानं जातो. इथं आकडा तोच आला. माझ्या मते अख्ख्या तपासणीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट, कारण बाहेरून बघून ही खोट कुणालाच कळत नाही.

नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा गोल फिरवला, धागा कुठं अडकला नाही, म्हणजे कड खरचटलेली नव्हती. ट्रिगर, स्क्रू, नेम धरायचं डायऑप्टर पटापट बघून झाले. स्टँडवर टेकवून १० मीटरवर मारलेले दहा छर्रे मिळून कागदावर एकच भोक झालं. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं रायफलचा स्वतःचा दोष अजिबात परवडत नाही. लेकीनं खांद्याला लावली, बट प्लेट खाली सरकवली आणि "बाबा, हीच," म्हणाली.

मूळ बिल होतं. बिलावरचा अन् रायफलवर कोरलेला नंबर सरांनी मोठ्यानं वाचून जुळवला. विक्रीचा कागद केला, त्यावर तो नंबर घातला आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या. दिवस उन्हाळ्याचे होते, म्हणून निघताना सिलिंडर रिकामे करून घेतले. बंद गाडीत भरलेला सिलिंडर तापला की दाब चढतो. नवा सिलिंडर मागवलाय, तोवर लेकीचा सराव एकाच सिलिंडरवर चालू आहे.